बाजूराव

नाशिकच्या द्वारका चौकात पुढे जायचा नियम एकच : ज्याचं पुढचं चाक आधी घुसलं, रस्ता त्याचा. वर महामार्गाचा उड्डाणपूल, खाली पुणे रोडचं तोंड, त्यात सिटीलिंक, एसटी, रिक्षा आणि उलट्या दिशेने येणारा एखादा स्थितप्रज्ञ दुचाकीस्वार. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधून दिला, तरी पादचारी आपले वरूनच जातात. अशा चौकात रविवारी सकाळी एक गृहस्थ माउंटन बाइकवरून येतात आणि पुढच्या रिक्षाला खणखणीत आवाजात सांगतात, “डावीकडून येतोय हं!”

रिक्षावाला अर्थातच रिक्षा डावीकडे घेतो.

हे बाजूराव. घरचं नाव वेगळं आहे, पण ग्रुपमध्ये ते कुणी वापरत नाही. नाशिकच्या प्रत्येक सायकल ग्रुपात असा एक असतोच. बहुधा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त, राहायला काठे गल्लीच्या आसपास, आणि सायकलची खरी किंमत घरी अजून न सांगितलेला. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यानंतर शहरातल्या कितीतरी माळ्यांवरच्या सायकली खाली उतरल्या. काहींच्या पायात बळ आलं. बाजूरावांच्या अंगात नियम आले.

नियम तसे चांगले आहेत. डोंगरातल्या शर्यतीत वाट एका सायकलीपुरती असते, तेव्हा मागच्याने ‘ट्रॅक’ असा आवाज द्यायचा, कोणत्या बाजूने येतोय ते सांगायचं. पुढच्याने घाबरून झुडपात उडी मारायची नाही. आपली रेघ धरून चालवत राहायचं आणि पहिली रुंद जागा आली की वाट द्यायची. हातात धरून सायकल ढकलणाऱ्याने चालवणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बाजूराव हे सगळं चहाच्या टपरीवर, साखरेचे डबे इकडून तिकडे सरकवत समजावतात. ग्लास गार होतो, पण माणूस गार होत नाही.

त्यांचा सर्वांत आवडता नियम ऐंशी टक्क्यांचा. आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्री शर्यतीत पहिल्या स्वाराला पहिल्या फेरीला समजा १५ मिनिटं लागली, तर त्याच्यापेक्षा १२ मिनिटं मागे पडलेल्याला पंच बाहेर काढतात. उगीच पुढच्यांच्या वाटेत नको. “हाच नियम द्वारकेला लावा,” बाजूराव म्हणतात. लावला तर चौकात फक्त सिग्नलचा खांब उरेल, हे त्यांना कोण सांगणार?

पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न नाशिकला नवा नाही म्हणा. कुंभमेळ्यात आधी स्नान कुणाचं, यावरून आखाड्यांत तलवारी निघाल्या आणि पेशवाईत तोड निघाली ती अशी, की शैवांनी त्र्यंबकेश्वरी न्हावं, वैष्णवांनी नाशिकला. ती वाटणी आजही चालते. बाजूरावांच्या मते ओव्हरटेकचा इतका समंजस निवाडा जगात दुसरा झालेला नाही, आणि हे मात्र मलाही पटतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर ते दोन आठवडे अस्वस्थ होते. माउंटन बाइकची शेवटची फेरी, वाट एका झाडाला दोन्हीकडून वळसा घालणारी. फ्रान्सचा कोरेत्स्की एकीकडून गेला, ब्रिटनचा टॉम पिडकॉक दुसरीकडून घुसला, पुढे दोघं एकमेकांना घासले आणि सुवर्णपदक पिडकॉकने नेलं. फ्रेंच प्रेक्षकांनी हुर्यो केली. बाजूरावांनी मोबाइलवर तो तुकडा पुन:पुन्हा थांबवून पाहिला. “आवाज दिला का त्याने? ऐकू येतंय कुणाला?” आमच्यातला एकजण शांतपणे म्हणाला, “काका, हे पोरगं आपल्या द्वारकेचं दिसतंय.”

आता खुद्द बाजूराव वाटेवर कसे असतात, ते पाहायला रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी जावं लागतं. पायाखाली सुटा मुरूम, दोन्हीकडे काटेरी झुडपं. मागून कॉलेजातली एक मुलगी हाक देते, “काका, ट्रॅक!” काकांना ऐकू येत नाही. “काका, उजवीकडून येते!” काका मान उजवीकडे वळवतात, मानेबरोबर हँडल वळतं आणि होती नव्हती ती उजवी बाजूही संपते. चढ वाढतो. काका गिअर इतक्या उशिरा टाकतात की चेनच उतरते. मग ते उतरून सायकल ढकलायला लागतात. आता तरी वाट मिळेल म्हणून मुलगी पुढे सरकते, तर काका सायकल आडवी लावून थांबतात आणि ढकलणाऱ्याने चालवणाऱ्याला वाट कशी द्यावी, ते तिला समजावून सांगू लागतात. तोवर मागे सातजण जमलेले असतात आणि रामशेजच्या पायथ्याशी दुसरी द्वारका तयार होते. औरंगजेबाच्या फौजेला या किल्ल्याने कित्येक वर्षं पुढे सरकू दिलं नव्हतं. परंपरा चांगल्या हातात आहे.

एखादा तरी त्या गर्दीतून निसटून पुढे जातोच. मग बाजूरावांची कारणं सुरू. आज रिकव्हरी राइड होती. टायरमध्ये हवा कमी होती. आणि शेवटी, ठसक्यात, “मी जाऊ दिलं म्हणून गेला.”

बाकी माणूस सोन्यासारखा. कुणाचं पंक्चर झालं तर पंप, पॅच, सोल्युशन घेऊन पहिला थांबणारा हाच, आणि तेव्हा मागून कितीजण निघून गेले याचा हिशोब तो ठेवत नाही.

तेव्हा रामशेजच्या पायथ्याच्या आशेवाडीच्या वाटेवर हे गृहस्थ पुढे दिसले तर ‘ट्रॅक’ म्हणून ओरडू नका, डावं-उजवं सांगू नका. “काका, परत जाताना मिसळ कुठे खायची?” एवढंच विचारा. त्याचं उत्तर चालत्या सायकलवरून देण्याजोगं नसतं. ते बाजूला घेऊन थांबतात. तेवढ्यात निघून जा.