सतरा इंची माणूस

शहापूर तालुक्यात माणसाचा मोठेपणा पूर्वी एकरात मोजत. वाटण्या झाल्या, मुंबई जवळ सरकत आली, तसा तो गुंठ्यांवर आला. मग समृद्धी महामार्गाला जमिनी गेल्या, मोबदला आला, दारात गाड्या आल्या आणि मोठेपणा इंचांवर आला. हे इंच छातीचे नव्हेत, गाडीच्या चाकाचे. कुणी चौदा इंची, कुणी पंधरा इंची. पण आसनगाव ते कसारा या पट्ट्यात गावागणिक निदान एक असामी अशी असतेच, जिला सतराच्या खाली श्वास घेता येत नाही. नवी गाडी काळ्या लोखंडी डिस्कवर घरी येते, ती पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी कल्याणला नाहीतर नाशिकला जाऊन अलॉय घालून परतते. या माणसाला ओळखायला गाडी बघावी लागत नाही, गाडी लावायची पद्धत पुरते. तो स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून मगच इंजिन बंद करतो, म्हणजे पुढचं चाक तोंड बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहतं. बाकीचे लोक फोटो काढताना बॉनेटला टेकतात. हा चाकाशेजारी उकिडवा बसतो.

त्याला अडाणी समजण्याची चूक मात्र करू नये. रिमला नट किती, त्यांच्यात अंतर किती, ऑफसेट म्हणजे काय, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण टायरच्या कडेवर एवढं सगळं छापलेलं असताना त्याला रस असतो तो एकाच आकड्यात. १८५/६५ आर १५ ८८ एच या ओळीत १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा इंचांतला रिमचा व्यास, ८८ म्हणजे एका टायरने पेलायचं ५६० किलो वजन आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. जवळच एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. धाकट्या भावासाठी आलेल्या स्थळाच्या पत्रिकेत जन्मवेळेचं मिनिटही न सोडणारा हा माणूस टायरची जन्मतारीख विचारत नाही, कारण ती दुरून दिसत नाही. त्याच्या स्वभावाची किल्ली इथे आहे, आणि माझं सगळं म्हणणंही एवढंच आहे: सतरा इंची माणूस टायर चालत्या गाडीसाठी घेत नाही, उभ्या गाडीसाठी घेतो. मांडवाबाहेर, खर्डीच्या ढाब्यासमोर, ग्रामपंचायतीच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीसाठी. गाडी चालायला लागली की अलॉयचे आरे फिरून त्यांची एक करडी चकती होते. ती कितीची घेतली होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

हिशेब मांडला तर गंमत आणखी वाढते. १८५/६५ आर १५ या टायरची कड १२० मिलिमीटर भरते आणि अख्खं चाक उभं केलं तर साधारण ६२१. त्याच्या जागी २०५/४५ आर १७ घातला की कड होते ९२ आणि चाक ६१६. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढली, चाक मात्र पाच मिलिमीटरनी कमी झालं आणि एवढा खर्च करून गाडी अडीच मिलिमीटर खाली बसली. वाढला तो धातू, घटलं ते रबर आणि त्यातली हवा. खड्ड्याचा मार खायला ही कडच तर असते. तिचे २८ मिलिमीटर गेले की मार थेट रिमवर बसतो, आणि श्रावणात पाण्याने काठोकाठ भरलेला खड्डा आपली खोली बोर्डावर लिहून ठेवत नाही. मग एके दिवशी टायरच्या कडेवर लिंबाएवढा फुगा येतो. आतले धागे तुटलेले असतात आणि हवा नुसत्या वरच्या रबरावर रेललेली असते. पंक्चरवाला त्यावर अंगठा फिरवतो आणि काही न बोलता पान्हा खाली ठेवतो. कडेच्या फुग्याला पॅच नसतो, हे त्याला तोंडाने सांगावं लागत नाही.

यावर सतरा इंची माणसाचं उत्तर तयार असतं: टायर जेवढा रुंद, तेवढी पकड जास्त. हे म्हणणं पूर्ण खोटं नाही. कोरड्या रस्त्यावर, वेगाच्या वळणाला, रुंद आणि बुटक्या कडेचा टायर गाडीला नेटकं धरून ठेवतो. कसारा घाट बारा महिने कोरडा असता तर मी इथेच हात जोडले असते. पण जून ते सप्टेंबर या घाटात डोंगरावरून उतरलेलं पाणी रस्त्यावरूनच वाट काढतं आणि धुक्यात पुढच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसतो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग असतो साधारण तळहाताएवढा. हवेचा दाब तोच ठेवला तर टायर रुंद केल्याने हा भाग फारसा वाढत नाही, नुसता आडवा होतो. आडव्या तळव्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते वेळेत सरलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. तेव्हा स्टिअरिंग हातात असतं, गाडी नसते. नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ मध्ये याचं गणित मांडलं. नक्षीला न झेपण्याइतकं पाणी साचलं असेल, तर त्या गणिताप्रमाणे ३३ पौंड हवेचा टायर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो आणि २५ पौंडांचा ८३ च्या आसपासच. म्हणजे रिमच्या इंचांपेक्षा हवेच्या पौंडांना आणि नक्षीच्या मिलिमीटरना जास्त किंमत आहे. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने गाडीला किमान १.६ लागते. खाचेतल्या रबरी उंचवट्याला नक्षी टेकली की टायरने राजीनामा दिला असं समजायचं. हा राजीनामा आमचा माणूस वर्षभर तरी मंजूर करत नाही.

घाटाची पकड कशी मिळवायची, हे शिकायला त्याला लांब जायचं कारण नव्हतं. त्याच्याच पट्ट्यातलं कसारा स्टेशन पुरे होतं. रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली आणि तिथेच अडली. पुढचे चौदा किलोमीटर चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे रेल्वेने मोठी, चकचकीत चाकं लावून बघितली नाहीत. गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडली. ती आजही कसाऱ्याला लागतात, ढकलत ढकलत गाडी वर नेतात आणि इगतपुरीला सुटतात. रूळ ओले झाले तर इंजिनातून चाकाखाली वाळू सोडतात. वाळू कुणाच्या फोटोत येत नाही आणि बँकर इंजिन तर गाडीच्या मागेच असतं. पण दीडशे वर्षांहून जास्त काळ गाडी घाट चढतेय ती या दोन न दिसणाऱ्या गोष्टींवर.

बर्फाचा विषय निघाला की मात्र आमच्या माणसाला स्फुरण चढतं, कारण त्याचा भाचा टोरांटोला असतो. भाच्याकडे टायरचे दोन जोड आहेत, उन्हाळ्याचा वेगळा आणि बर्फाचा वेगळा, ही बातमी त्याने खर्डीपासून मोखावण्यापर्यंत पोचवलेली असते. ती खरीही असते. शेजारच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साधं रबर कडक होतं, म्हणून या टायरचं रबर मऊ ठेवतात. त्याच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते. मामा हे सगळं सांगतो, फक्त भाच्याने बर्फासाठी कोणतं माप घेतलं ते गाळतो. तिकडचे अनेक जाणते लोक हिवाळ्यात रिम एक इंचाने लहान करतात आणि अरुंद, उंच कडेचा टायर काळ्या लोखंडी डिस्कवर चढवतात. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, उंच कड बर्फाखालचे खड्डे सोसते आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाने अलॉय खराब होत नाही. मनालीच्या वर बर्फात साखळ्या बांधायची वेळ आली तरी तेच: रुंद टायर चाकाच्या कमानीला असा भिडलेला असतो की साखळीला जागाच उरत नाही. म्हणजे जिथे रस्ता खरोखर जिवावर उठतो, तिथे माणूस इंचांनी लहान होतो. आणि ते मऊ रबर हौसेने इकडे आणलंच, तर कसाऱ्याच्या मे महिन्यातल्या डांबरावर खोडरबरासारखं झिजेल.

आणखी दोन आक्षेप उरतात. पहिला असा की कंपन्या स्वतःच महागड्या मॉडेलला मोठी चाकं देतात. देतात, पण त्या मापाला सस्पेन्शन जुळवून, वजनं तपासून देतात, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर माप आणि हवेचा दाब छापून ठेवतात. त्या स्टिकरच्या हद्दीत कुणी सोळा काय, अठरा घातले तरी माझी तक्रार नाही. दुसरा आक्षेप मात्र मनाला लागतो: हौसेला मोल नाही, आणि साध्या माणसाने नटू नये का? जरूर नटावं. याच मुलखात पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, झूल घालतात, गोंडे बांधतात, घुंगरमाळा चढवतात. पण बैलगाडीचं चाक पाहा. चाकाला तुंबा आणि आरे असत आणि त्यावर लोखंडाची धाव. ती तापवून लालभडक करायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची. धाव जमिनीला टेकते, म्हणून तिच्यावर कुणी रंग चढवला नाही. तिचं माप लोहार ठरवायचा, पाहुणे नव्हेत. जुन्या गाडीवानाला नटवायचं काय आणि राखायचं काय, एवढा फरक कळत होता. सतरा इंची माणसाने धावेलाच गोंडे बांधले, एवढाच त्याचा गुन्हा.

५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि शहापूर तालुक्यातल्या या माणसाला घाटाऐवजी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आणि ताशी १२० चा रस्ता मिळाला. या महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली, तेव्हा गुळगुळीत टायरच्या गाड्यांना माघारी पाठवलं होतं. रिम किती इंची, हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या गाडीत एक प्रामाणिक चाक आहे: डिकीतली स्टेपनी. ती अजून पंधरा इंची, काळ्या लोखंडाची, पूर्ण नक्षीची, कारण डिकीत बघायला कुणी येत नाही. आणि दाराच्या चौकटीवरचा तो स्टिकरही दार उघडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पंचक्रोशीत या माणसाची हवा पुरेपूर असते. डाव्या मागच्या टायरमध्ये ती सव्वीस पौंड असते.