48 किलोबाइटांचे वतनदार

पंचावन्नी ओलांडलेल्या, चष्म्याच्या वरून पाहणाऱ्या आणि मुलाच्या हातातला मोबाईल दृष्टीस पडताच आरोपीची जबानी न घेता ‘हे कसले खेळ!’ असा निवाडा देऊन मोकळे होणाऱ्या गृहस्थांची एक जमात आपल्या सोसायट्यांतून आढळते. आमचे शेजारी तिचे वतनदार. वतनाची सनद 1986 सालची. त्या वर्षी डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा घरगुती संगणक परवान्याने भारतात आणला आणि काही काळाने त्याचे एक ठाणे वतनदारांच्या वाड्यातही बसले.

त्या यंत्राची 48 किलोबाइटांची स्मृती (आज सोसायटीच्या ग्रुपवर येणारा गणपतीचा एक फोटोही तीत मावायचा नाही) कॅसेटवरून भरावयास चार-पाच मिनिटे लागत. तेवढा वेळ टेपरेकॉर्डर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा अखंड किंचाळे, मुळात रंगीत असलेले पट्टे वाड्यातल्या कृष्णधवल टीव्हीच्या कडांवर करड्या रंगात धावत, सात-आठ पोरे श्वास रोखून बसत, आणि अगदी अखेरीस ‘टेप लोडिंग एरर’ असा शेरा उमटून अर्ज नामंजूर झाला की टेपच्या हेडचा स्क्रू पेचकसाने किंचित फिरवून पुनश्च श्रीगणेशा करावा लागे. एवढ्या तपश्चर्येनंतर प्रसन्न होई तो 1983 सालचा ‘मॅनिक मायनर’: वीस गुहा, तीन जीव, आणि खेळ मध्येच राखून ठेवण्याची सवलत नाही. लग्नाची तारीख विचारताच पत्नीकडे पाहणारे वतनदार त्या खेळातल्या अक्षय आयुष्याचा ‘पोक 35136, 0’ हा मंत्र मात्र झोपेतही म्हणतात.

असा मनुष्य आजच्या रयतेवर रुष्ट असणारच. पत्नी भाजी निवडता निवडता कँडी क्रश खेळते. ते त्यांच्या दफ्तरी खेळ म्हणून दाखलच नाही. चिरंजीवांनी तर कहर केला आहे. ते स्वतः खेळतसुद्धा नाहीत, दुसरा कोणी खेळत असता यूट्यूबवर दोन-दोन तास पाहतात आणि वर त्या अनोळखी इसमास शंभर रुपये नजराणाही धाडतात! ‘आम्ही यंत्राशी झुंजलो, हे नुसते बघे,’ असे वतनदार म्हणतात, आणि यंत्राच्या पोटात काय चालते हे त्या काळच्या पोरांना आजच्यांहून अधिक ठाऊक होते, एवढे मीही कबूल करतो.

परवा वाड्यातले त्यांचे बालमित्र भेटले. संगणक यांच्या मालकीचा. मी सहज वतनदारांच्या पराक्रमाची चौकशी केली. ‘रोज हजर असायचा,’ ते म्हणाले, ‘पण कीबोर्डाला हात आम्ही लावू देत नसू. स्क्रू फिरवायला मात्र तोच लागायचा.’