आजोबांचं नाव नातवाला

अहो वहिनी, या ना कुंपणापाशी, ते कपडे वाळतील सावकाश. अथेन्सचा तो क्लिस्थेनिस माहीत आहे ना, इसवी सनापूर्वी 508 च्या सुमाराला लोकशाहीची घडी बसवली तो? त्याच्या आईचे वडीलही क्लिस्थेनिसच! आणि ते कसले लोकशाहीवाले, सिक्यॉनचे हुकूमशहा चक्क.

त्यांच्या लेकीच्या, आगारिस्तेच्या, लग्नाची तर वेगळीच तऱ्हा. ग्रीसभरातली स्थळं बोलावली आणि वर्षभर घरी ठेवून घेतली. वर्षभर हो! मुलाचं कूळ, स्वभाव, व्यायाम, चारचौघांतलं बोलणं, सगळं पारखलं. म्हाताऱ्याच्या मनात भरला अथेन्सचा हिप्पोक्लाइडीस. देखणा, पैसेवाला, काही म्हणून खोट नाही. निकालाच्या दिवशी शंभर बैल बळी देऊन सगळ्या गावाला जेवण घातलं. जेवणं उरकली, दारू चढली आणि हे चिरंजीव बासरीवाल्याला वाजव म्हणून नाचायला लागले. नाचला तर नाचला, पण याने टेबल मागवलं, वर चढला आणि शेवटी डोकं टेबलाला टेकवून दोन्ही पाय हवेत नाचवले. त्या काळचे कपडे कसे असत ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा, मी काही बोलत नाही. सासरेबुवा म्हणाले, नाचता नाचता लग्न घालवलंस रे. तर हा उलट म्हणतो, मला त्याचं काही नाही!

मग दुसऱ्या एका स्थळाची, मेगाक्लीसची, लॉटरी लागली. त्या दोघांचा मुलगा तो हा लोकशाहीवाला. इतिहासकार हिरोडोटसने सगळं लिहून ठेवलंय, माझ्या पदरचं काही नाही.

थांबा हं, दूध ठेवलंय गॅसवर... हं, आले.

तर तिकडे रीतच ती. थोरल्या मुलाला बहुतेक आजोबांचं नाव. मग एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन माणसं एका नावाची. या आगारिस्तेच्या नातीचं नावही आगारिस्तेच ठेवलं. नातीचे वडील हिप्पोक्रेटिस. नाही हो, वैद्य तो वेगळा, कॉस बेटावरचा. आणि या धाकट्या आगारिस्तेचा मुलगा म्हणजे अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस. मतदानाने माणूस हद्दपार करायचे ना ते खापरीवर नाव लिहून, त्या खापऱ्या सापडल्यात. बऱ्याच जणांवर बापाचंही नाव आहे, आपल्यासारखंच. न लिहून कसं चालेल? भलत्याच्याच नावावर मत पडायचं.

पेरिक्लीसच्या घरचं काय सांगू! थोरला मुलगा झांथिपस, अर्थात आजोबांचं नाव. बाप हात आखडून पैसे देतो म्हणून याने बापाच्या नावावर उसने घेतले. देणारा वसुलीला आला, तर पेरिक्लीसने त्याच्यावरच खटला भरला! पोरगं मग गावभर बापाची बदनामी करत फिरलं.

पेरिक्लीसच्या विरोधकांत होता थुसिडिडीस. इतिहास लिहिणारा नव्हे, तो पेरिक्लीसला मानायचा. हा मेलेसियासचा मुलगा, राजकारणी. स्पार्टाच्या राजाने विचारलं, कुस्तीत सरस कोण, तू की पेरिक्लीस? तर म्हणे, मी त्याला पाडतो, पण तो म्हणतो मी पडलोच नाही, आणि बघणाऱ्यांनाही ते पटवून देतो. पुढे यालाच गाव सोडावं लागलं.

पण दैव बघा. 451 मध्ये पेरिक्लीसनेच कायदा करवला होता, आईबाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. मग अथेन्समध्ये साथ आली, तीत झांथिपस गेला, धाकटा पारालसही गेला. उरला त्याला अस्पाशियापासून झालेला मुलगा, आणि अस्पाशिया मिलेटसची! आपल्याच कायद्याला सवलत मागायची वेळ आली. लोकांना दया आली, मुलगा नागरिक झाला आणि त्याला बापाने स्वतःचंच नाव दिलं. झाले ना दोन पेरिक्लीस!

हा धाकटा मोठेपणी सेनापती झाला. 406 मध्ये आर्गिनुसाईची समुद्री लढाई जिंकली, पण वादळात बुडणारे आपले खलाशी वाचवता आले नाहीत, म्हणून अथेन्सच्या सभेने सहा सेनापतींना एकदमच मृत्युदंड दिला. त्यात हाही. हे बेकायदा आहे म्हणून अडून बसला होता तो सॉक्रेटिस.

कोणता काय विचारता? तोच, विषाचा पेलावाला. तसा धाकटा सॉक्रेटिसही होता एक, प्लेटोच्या संवादात येतो, थिएटेटसचा मित्र. पण त्याचं उद्या सांगते, आमच्याकडे बेल वाजतेय.