इंजिन उतरवताय म्हणे!

अहो वहिनी, थांबा की जरा. भावोजींनी ती जुनी पेट्रोल गाडी आणली, तिचं इंजिन उतरवणार म्हणे? मला कोण सांगणार! काल तो मेकॅनिक फाटकाशी उभा राहून एवढ्या मोठ्यानं बोलत होता, की अख्ख्या गल्लीला इस्टिमेट कळलं. "रिंगा गेल्यात, इंजिन उतरवायला लागतंय." बॉनेट तरी उघडलं होतं का त्यानं?

आमच्या ह्यांचं उद्यमनगरात रिबोरिंगचं वर्कशॉप होतं, ठाऊक आहे ना? हिशेब मी लिहायची. रिंगा गेल्या म्हणून आलेली कित्येक इंजिनं हे न खोलताच परत पाठवायचे. धंदा बुडवतोय म्हणून सासूबाई करवादायच्या, ती गोष्ट वेगळी.

मला सांगा, गाडी ऑइल पिते म्हणूनच रिंगा गेल्या म्हणतोय ना तो, पण ऑइल किती कमी होतंय ते कुणी मोजलंय का? नाही ना! गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघायची. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटर लिहून ठेवायचे. हजार झाले की पुन्हा त्या खुणेपर्यंत यायला किती घालावं लागतं, ते मापानं बघायचं. शंभर-दोनशे मिली गेलं तर जुन्या गाडीला मी तरी नावं ठेवणार नाही. काही कंपन्या तर हजार किलोमीटरला लिटरभरसुद्धा चालतंय म्हणतात. त्यांचं काय जातंय! आणि त्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो ऑइलच्या दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. तो लागेपर्यंत बेअरिंगांचं वाटोळं व्हायला लागलेलं असतं.

बरं, फरशीवर डाग पडतोय का, इंजिनाखाली? पडतोय? मग थोडं ऑइल तिथंच चाललंय की! टॅपेट कव्हरचं पॅकिंग, फिल्टर, चेंबरचा नट, सगळं पुसून घ्या आणि दोन दिवसांनी कुठं ओलं दिसतंय ते बघा.

आता धूर. पांढरी वाफ थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात, आपल्याला निळसर धुराशी मतलब, आणि तो कधी येतो त्याच्याशी. सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. रात्रभरात ऑइल झिरपून खाली उतरलेलं असतं. गणपतीपुळ्याला जाताना आंबा घाट उतरून साखरप्याजवळ रेस दिली आणि मागं निळा लोट उठला, असं भावोजीच सांगत होते ना? तेही सीलचंच लक्षण. गिअरमध्ये उतरताना पाय रेसवर नसतो, इंजिनात ओढ वाढते आणि ती सीलमधून ऑइल खेचते. बऱ्याच इंजिनांत सील हेड न उतरवताही बदलतात. चढावर जोर दिला की धूर सुटतच राहिला, तर मग रिंगांचा संशय घ्या. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातला गॅस परत हवेच्या वाटेत सोडणारा, तो बघायला सांगा. किरकोळ वस्तू, पण अडकली की ऑइल थेट हवेच्या वाटेनं आत ओढलं जातं.

रिंगांचं खरं-खोटं करायचं तर प्लग काढून कॉम्प्रेशन बघायचं. एखाद्या सिलिंडरला कमी आलं, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. काटा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर बहुतेक व्हॉल्व्ह. पण इथं एक गोम आहे. वरच्या रिंगा शाबूत असल्या की कॉम्प्रेशन झकास येतं, आणि खालची ऑइलची रिंग कार्बनमध्ये चिकटून बसलेली असते. अमेरिकेत 2007 ते 2009 च्या कॅमरीत 2.4 लिटरचं इंजिन होतं, ते असंच ऑइल प्यायचं. शेवटी टोयोटानं वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या.

आणि ज्यानं गाडी विकली ना, त्यानं जाड ऑइल ओतलं असणार बघा. चार दिवस धूर दबतो, तेवढ्यात सौदा होतो. मी काही कुणाचं नाव घेत नाही हं. पण आधी त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा.

भावोजींना सांगा, गळती बंद करा, तो पीसीव्ही बदला, हजार किलोमीटर चालवा आणि मग कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर मागा. तोवर त्या मेकॅनिकला ॲडव्हान्स म्हणून एक रुपया देऊ नका.