प्रश्न गेटसमोर लावू नयेत

पुण्यात फुकट, ऐसपैस आणि मागता क्षणी पार्किंग मिळेल अशी एक जागा अखेर सापडली. ती पंचतारांकित हॉटेलात, परिषदेच्या दालनात, भिंतीवर आहे. जगात शांतता नांदावी म्हणून संवाद आणि मध्यस्थी शिकवणारी शिबिरं हल्ली भरतात ना, तिथं एक भलाथोरला पांढरा कागद टांगलेला असतो. वर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं असतं, 'पार्किंग लॉट'. सत्र रंगात आलेलं असताना कुणी अडचणीचं विचारलं की फॅसिलिटेटर बाई गोड हसतात, "फारच छान प्रश्न!" म्हणतात, तो पिवळ्या चिठ्ठीवर उतरवतात आणि चिठ्ठी त्या कागदावर डकवतात. वेळ उरला तर शेवटी घेऊ. वेळ उरत नाही. शेवटी ग्रुप फोटो असतो.

कागदावर काय काय लागलेलं असतं, ते जवळ जाऊन वाचावं. "लढणाऱ्या दोघांनाही तोफगोळे विकणारा देशच मध्यस्थ असेल तर?" चिठ्ठी. "तह झाला म्हणजे घरं परत मिळतात का?" चिठ्ठी. "1972च्या सिमला करारापासून आपण जगाला बजावतोय की आमच्या दोघांत तिसरा नको, मग तिसरा होण्याचं प्रमाणपत्र आपण कशाला घ्यायचं?" ही चिठ्ठी तर जरा कोपऱ्यातच. "जेवण किती वाजता?" याला मात्र चिठ्ठी लागत नाही. एक वाजता, तळमजल्यावर, जैन पदार्थ वेगळे.

या चिठ्ठ्यांचा डिंक कच्चा असतो. एसीचा झोत लागला की दुपारपर्यंत एकेक गळायला लागते. विस्थापितांचं काय, ही चिठ्ठी मी चहाच्या टेबलाखाली पाहिली. तिच्यावर सामोशाचा चुरा होता आणि कुणाच्या तरी बुटाची टाच. कुणी वाकलं नाही. मग त्या टेबलाशी उभ्या उभ्या 'सक्रिय श्रवण' या विषयावर चर्चा झाली.

मध्यस्थाला पहिलं काय हवं, असं या मंडळींना विचारा, तटस्थता म्हणतील. मत नको, भुवई उडता कामा नये, खुर्ची दोघांपासून सारख्या अंतरावर. हे शिकवायला माणसं विमानानं आणायची आणि त्यांची गाडी वानवडीच्या शिंदे छत्रीवरून, म्हणजे महादजी शिंद्यांच्या समाधीवरून, न थांबता पुढं काढायची, याला पुण्याचं आदरातिथ्य म्हणतात. 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला, तो जुळवला महादजी शिंद्यांनी. पेशव्यांच्या बाजूनं बोलणी करणारे तेच आणि दोन्ही बाजूंनी तह पाळावा म्हणून जामीन राहणारेही तेच. शिवाय कंपनीनं भडोच देऊ केलं, ते त्यांनी ठेवून घेतलं. तटस्थतेच्या पेपरात भोपळा! आमच्या मध्यस्थाला कापडी पिशवी, पेन आणि स्टीलची बाटली मिळते. पण महादजींचा तो पक्षपाती, हितसंबंधी, अभ्यासक्रमाबाहेरचा तह वीसेक वर्षं टिकला. कारण जामीनदाराकडे फौज होती, आणि भांडण ज्यांचं होतं तेच बोलत होते. साष्टी कुणाकडे राहणार? इंग्रजांकडे. राघोबादादांना काय? महिना पंचवीस हजार, आणि इंग्रजांनी त्यांची पाठराखण सोडायची. नावडते प्रश्न भिंतीवर न जाता कलमांत गेले.

बरं, लांबणीवर टाकण्याची कला तरी बाहेरून आणायची गरज होती का? पुण्याला? मे महिन्यात झालेल्या त्या तहावर पुण्याची मोहोर उमटायला फेब्रुवारी 1783 उजाडला. नाना फडणीस बसून राहिले. तिकडे हैदर अली कर्नाटकात इंग्रजांशी लढत होता. तो आहे तोवर इंग्रज दबकून राहतील, हा हिशेब. डिसेंबरात हैदर गेला, मग मोहोर. नानांनीही प्रश्न बाजूला लावून ठेवला होता, पण चावी कनवटीला होती आणि गाडी केव्हा काढायची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या कागदावर लागलेली गाडी तिच्या मालकालाही परत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी रोल प्ले. एका टेबलावर 'देश अ', दुसऱ्यावर 'देश ब'. नावं घ्यायची नाहीत, भावना दुखावतात. कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ 'देश ब' झाले आणि त्यांनी वीस मिनिटांत नदीचं पाणी, निम्मं खोरं आणि सगळे युद्धकैदी सोडून दिले, कारण पुढच्या सत्राला उशीर होत होता. टाळ्या! अहो, त्या 'ब' मध्ये माणसं राहतात. त्यांच्या पोरांच्या कबरी तिथं आहेत, विहिरी तिथं आहेत, आणि त्यांच्यातल्या एकालाही या दालनात यायचं आमंत्रण नाही. असतं तरी त्याला व्हिसा कोण देणार होतं? त्याच्या बापाच्या जमिनीवर रेघ मारायला आपल्याकडे मार्कर आहेत, चार रंगांत. आणि बाहेर याच शांतिदूतांच्या गाड्या अख्ख्या फुटपाथवर चढवलेल्या, त्यामुळं काठी टेकत निघालेल्या आजी उतरून बसच्या पुढ्यात चालताहेत. या शहरात पायी चालणारा हा कायमचा 'देश ब' आहे. वर्षानुवर्षं ओरडतोय मी हे, या सदरातूनही, पण तो विषय आज नाही, संपादक रागावतात.

समारोपाच्या अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं: 'सहभागींनी मांडलेल्या सर्व मुद्द्यांची नोंद घेण्यात आली.' खोटं नाही ते. मी हॉटेलच्या सफाईवाल्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, नुसत्या चिठ्ठ्या सुक्या कचऱ्यात जातात, तेल लागलेल्या ओल्यात.