एकच भाव, घासाघीस नाही

फ्रँक वूलवर्थने अमेरिकेला एक साधी गोष्ट शिकवली : दुकानात शिरा, माल हाताळा, पाच किंवा दहा सेंट टाका आणि चालू पडा. घासाघीस नाही. आपल्या लोकलमध्ये ‘कुठलीही वस्तू दहा रुपये’ असं ओरडत फिरणारा विक्रेता करतो तेच त्याने शेकडो दुकानांत केलं. पण याने त्या चिल्लरीतून १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ७९२ फुटांची, तेव्हाची जगातली सर्वांत उंच इमारत उभी केली. खर्च सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर, तोही रोख. बँकेचा उंबरठा झिजवला नाही. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून बटण दाबलं आणि इकडे दिवे लागले. एका धर्मोपदेशकाने तर तिला ‘व्यापाराचं कॅथिड्रल’ ठरवून टाकलं.

ते खोटंही नव्हतं. खालच्या दालनात छताशी छोटी शिल्पं आहेत. एकात वास्तुशिल्पी कॅस गिल्बर्ट इमारतीची प्रतिकृती कवटाळून आहे, दुसऱ्यात खुद्द वूलवर्थ नाणी मोजतोय. देवानेच बसून दानपेटी मोजावी आणि ते भक्तांना दाखवावं, इतकं प्रामाणिक देवस्थान दुसरं नसेल.

पुढे १९९७ साली अमेरिकेतली ती स्वस्त दुकानं मिटली. २०१२ साली एका बिल्डरने इमारतीचे वरचे ३० मजले ६ कोटी ८० लाख डॉलरना उचलले. खाली कचेऱ्या तशाच, वर घरं. तळघरातला जुना पोहण्याचा तलावही रहिवाशांसाठी घासूनपुसून सज्ज झाला. बाहेरचा दर्शनी भाग आणि ते दालन वारसा म्हणून संरक्षित, त्यामुळे दगडाला धक्का नाही. वारसा सगळ्यांचा असतो. जाहिरातीत तो सगळ्यांनी बघावा, दारात मात्र सहज आलेल्या पर्यटकांना मज्जाव.

खरी गंमत शिखरावर. तिथलं पाच मजली पेंटहाऊस २०१७ साली बाजारात आलं. भाव ११ कोटी डॉलर. गिऱ्हाईक फिरकेना. मग भाव ७ कोटी ९० लाखांवर आला, पुढे आणखी घसरला. शेवटी २०२३ साली ते ३ कोटींना गेलं, आतलं काम अजून व्हायचंच होतं. म्हणजे मागितल्या भावावर ८ कोटींची सूट! मूळ खर्चाच्या हिशेबाने तेवढ्यात अशा जवळजवळ सहा अख्ख्या इमारती झाल्या असत्या. ज्याने उभ्या अमेरिकेची घासाघीस मोडली, त्याच्याच डोक्यावर बसून एवढी घासाघीस झाली. मंडईत मेथीची जुडी घेताना आम्ही ‘शेवटचं बोला’ म्हटलं की ती कटकट. तेच वकील लावून सहा वर्षं म्हटलं की ‘बाजारभावाची दुरुस्ती’.

हल्ली मोठ्या शहरात जुनी कचेरी रिकामी दिसली रे दिसली, की तज्ज्ञ म्हणतात, इथे घरं करा, टंचाई मिटेल. वूलवर्थच्या इमारतीत तीस मजल्यांत मिळून जेमतेम तीस-पस्तीस घरं झाली. टीकाकार उगाच नाक मुरडतात. टंचाई दोन प्रकारची असते : काहींना घर कमी पडतं, काहींना घरात मजले कमी पडतात. त्यातली दुसरी मिटली.