गार पाण्याचा गीझर

आमच्या न्हाणीघरात दोन नळ आहेत. एकावर निळा ठिपका, दुसऱ्यावर लाल. डिसेंबर ते मार्च हे ठिपके खरं बोलतात. एप्रिलमध्ये अडखळायला लागतात, आणि जून उजाडला की दोघंही बेधडक खोटं बोलतात. निळ्यातून कढत पाणी येतं आणि लालमधून गार.

दोह्याच्या अल नस्र भागात राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पिण्याचं असो की अंघोळीचं, इथलं बहुतेक पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. आमच्याकडे ते गच्चीवरच्या टाकीत साठतं आणि तिथं जुलैच्या उन्हात दिवसभर तापत बसतं. पारा 45 च्या पुढं गेलेला असतो. टाकीतलं हे पाणी थेट निळ्या नळाला जोडलेलं. गीझर मात्र घरात, एसीच्या आसऱ्याला. त्याचं बटण बंद ठेवलं, की त्याच्या पोटातलं पाणी हळूहळू घरातल्या हवेइतकं निवतं. म्हणून मे महिना सरता सरता गीझर बंद करायचा आणि लाल नळाखाली अंघोळ करायची. नव्यानं आलेल्या माणसाला ही युक्ती शेजारी सांगतात. पण बहुधा तो एकदा पोळल्यावर.

आता अशा घरात गीझर बिघडला, हे कळणार कधी? आमचा कधी गेला ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. जूनमध्ये बटण बंद केलं तेव्हा धडधाकट होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि तासाभरानं पाणी आलं ते ऑगस्टसारखंच गार. म्हणजे ज्या महिन्यांत आम्ही त्याचं 'काय छान चालतोय' म्हणून कौतुक करत होतो, त्यातल्या कुठल्याशा दिवशी तो निवर्तला होता. प्लंबर आला, टाकीवर बोटानं टकटक केलं, खालचा ओघळ दाखवला आणि म्हणाला, "टंकी गया मॅडम." घरमालकाच्या माणसानं फोनवर विचारलं, "केव्हापासून बंद आहे?" मी म्हटलं, "तो बंदच असतो." तिकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तो म्हणाला, तुमचा तुम्ही निवडा, बसवून घ्या, बिल पाठवा, भाड्यातून वजा करू.

नवरा रास लफानला कामाला, नैसर्गिक वायू द्रवरूप करायच्या कारखान्यात. तिथं वायू उणे 162 अंशांपर्यंत गार करतात, मग तो जहाजात भरून जगभर जातो. उणे एकशे बासष्ट! आणि संध्याकाळी घरी येऊन हाच माणूस 'पाणी जरा कमी पोळेल का' म्हणून बादली भरून तासभर झाकून ठेवतो. गीझर निवडायचं काम या तज्ज्ञाकडं आपोआप गेलं.

अल नस्रमध्ये काय मिळत नाही? मिरकाबच्या रस्त्यावर अबाया आहेत, अत्तरं आहेत, कडक चहाला 'करक' म्हणून तो गाडीत आणून देणारी पोरं आहेत. गीझर तेवढा नाही. त्यासाठी नजमाला जायचं. तिथं हार्डवेअरची दुकानं एकाला एक चिकटून बसलेली, आणि आम्ही शिरलो त्यात गीझर दोरीनं बांधून आढ्यापासून लटकवलेले, आडवे, उभे, चौकोनी, 15 लिटरपासून 100 लिटरपर्यंत. दुकानदार केरळचा. हिंदी अस्खलित, फक्त लिंगं त्याला मान्य नव्हती.

"ये लीजिए मॅडम, 50 लिटर. इसका इन्सुलेशन इतना मोटी है, रात को गरम करो, सुबह तक गरम."

इथं नवऱ्याच्या कपाळावर आठी पडली. "आणि ऑगस्टमध्ये?" त्यानं मला मराठीत विचारलं, जणू ते मशीन मीच बनवलं होतं.

मग त्यानं तिथंच, बिलाच्या कोऱ्या पावतीवर, हिशेब मांडला. जाड अस्तर उष्णता आत येऊ देत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. गच्चीवरून 42 अंशांचं पाणी आत आलं, घरात 25, तर चांगल्या अस्तराच्या टाकीत ते रात्रभरात जेमतेम तीन-चार अंशांनी उतरणार. पातळ, स्वस्त, जुनाट टाकी असेल तर भराभर निवणार. सारांश काय, हिवाळ्यासाठी जो गीझर उत्तम तोच उन्हाळ्यासाठी सगळ्यांत टाकाऊ, आणि आपल्याकडे उन्हाळा मोठा.

"भैया, खराब इन्सुलेशनवाला दिखाइए," नवरा म्हणाला.

दुकानदारानं आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. बायकोच्या नजरेत थोडी शरम दिसते का, हे बघत असावा. मग त्यानं आतून एका वयस्क माणसाला बोलावलं. आखातात केस पांढरे झालेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, आणि म्हणाला, "सब लोग यही चाहते हैं साब, पूछता कोई नहीं."

संध्याकाळी सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. नवऱ्यानं आणलेली माहितीपत्रकं कॅमेऱ्यासमोर एकेक धरली. सासूबाईंचं माहेर वाईचं, वाड्यात तांब्याचा बंब. पहाटे उठून बंबफोड पेटवायची, आणि जो एक बादली काढेल त्यानं एक बादली गार पाणी बंबात ओतायचं, हा वाड्याचा कायदा. न ओतता पळणाऱ्या काकांची नावं त्यांना अजून पाठ आहेत.

"अहो, हे ओतायचं काम आता गीझरच करतो की," मी म्हटलं.

"करतो ना," नवरा मधेच, "पण आई, इथं ओतलं जातं ते गरम! गार पाणी जड, ते तळाशी जातं, म्हणून हिवाळ्यात वरचं तापलेलं पाणी शेवटपर्यंत पुरतं. ऑगस्टमध्ये उलटं. आत येणारं पाणी हलकं, ते सरळ वर चढतं, आणि बाहेर जायची नळीही वरच. म्हणजे 50 लिटर गार पाणी असून पहिल्याच माणसाला काय ते सुख, दुसऱ्याच्या वाट्याला भेसळ, तिसरा भाजतो."

तिसरी मी असते. हे त्यानं आईला सांगितलं नाही.

"आणि ही मॅग्नेशियमची कांडी कशाला?" सासूबाईंनी पत्रकातलं चित्र पाहून विचारलं.

"टाकी गंजू नये म्हणून. टाकीऐवजी ती स्वतः गंजते, झिजत जाते. संपली की बदलायची, नाहीतर टाकी जाते."

"म्हणजे थोरली सून," सासूबाई म्हणाल्या. मी थोरली आहे. त्याही होत्या.

सासूबाईंकडं स्वतःचा गॅस गीझर आहे, नळ सोडला की भप्पकन पेटणारा, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. आम्ही दर फोनला 'खिडकी उघडी ठेवा' म्हणतो, कारण बंद न्हाणीघरात त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. त्या दर फोनला 'उघडीच आहे' म्हणतात आणि मागं खिडकी बंद दिसते. त्यांचा गॅस पाइपमधून येतो. कतारच्या द्रवरूप वायूचं पहिलं जहाज 2004 च्या जानेवारीत गुजरातमधल्या दहेजला लागलं. 2024 च्या फेब्रुवारीत गोव्यात या पुरवठ्याच्या करारावर पुन्हा सह्या झाल्या, 2028 पासून आणखी 20 वर्षं, दर वर्षी 75 लाख टन. तेव्हा सासूबाईंच्या गीझरात पेटणाऱ्या ज्योतीत मुलाच्या कारखान्याचा एखादा फुसकारा नसेलच असं नाही. गंमत म्हणजे तोच वायू इथं आधी वीजघरात जाळून त्याची वीज करायची, मग ती वीज गीझरला देऊन पाणी तापवायचं. मी हे नवऱ्याला 'उधळपट्टी' म्हणून सांगितलं. त्यानं त्यावर अर्धा तास बोलून 'हो' असं उत्तर दिलं.

दिवाळी तोंडावर आली तरी घरात एकमत होईना. नवऱ्याचं म्हणणं, ऑक्टोबर संपत आला तरी टाकीचं पाणी पहाटे कोमट असतंच, अभ्यंगस्नान त्यात होऊन जाईल, गीझर डिसेंबरमध्ये बघू. सासूबाईंचं म्हणणं, कोमट पाण्यानं उटणं निघत नाही आणि नरकासुरही मरत नाही. चिरंजीवांचं म्हणणं, अंघोळच डिसेंबरमध्ये बघू. शेवटी मी 50 लिटरचा, जाड अस्तराचा, पाच वर्षं हमीचा आडवा गीझर घेतला. आडवा यासाठी, की फॉल्स सीलिंगच्या वर तेवढीच जागा होती. दीड किलोवॅटचा आहे. 20 अंशांचं पाणी 60 वर न्यायला दीड तास, सव्वादोन युनिट. नरक चतुर्दशीला आम्ही तो पहाटे साडेतीनला लावला. पुण्यात तेव्हा सहा वाजले होते आणि सासूबाई अंघोळ, देवपूजा उरकून, फराळाचं ताट पुढं घेऊन, आम्ही जागे आहोत का हे बघायला फोनवर हजर होत्या. पाणी कढत निघालं. नवऱ्यानं उटणं लावून घेताना अस्तराची जाडी मान्य केली. जूनचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

जूनची सोय आहे. पाहुण्यांच्या न्हाणीघरात जुना गीझर आहे, अस्तर पार पिचलेलं, चालू असला की वरचा पत्रा हाताला गरम लागतो. दोन दिवस हात लावला नाही तर त्यातलं पाणी माठाची आठवण करून देतं. नवऱ्यानं पुढच्या उन्हाळ्याचं वेळापत्रकही लिहून ठेवलंय, पुण्याच्या उन्हाळ्यातल्या पाणीकपातीसारखं एक दिवसाआड. ऑगस्टमध्ये कुणी पाहुणा आला तर त्यानं हॉटेलात उतरावं, हे तो सभ्यपणे कसं कळवायचं याचा विचार करतोय.

गेल्या आठवड्यात घरमालकाचा माणूस बिल घेऊन जायला आला होता. जाताना त्यानं दुसऱ्या न्हाणीघरात डोकावलं, जुन्या गीझरवर हात ठेवला आणि म्हणाला, "हा पण फारच जुना झालाय. हाही बदलून घ्या, पैसे आम्ही देऊ."

"नको!" आम्ही तिघंही एका सुरात ओरडलो. चिरंजीव तर दारात आडवे उभे राहिले.

तो क्षणभर बघत राहिला, मग त्याचे डोळे पाणावले की काय असं वाटलं. खाली उतरल्यावर नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, तो सांगत होता म्हणे, की मालकाच्या पैशाची इतकी काळजी करणारे भाडेकरू त्यानं आजवर पाहिले नाहीत.